नाना स्टेजवर तिरके का उभे राहतात

"बास दुरुस्त नका करू दादा, बासवाल्याला करा," असं म्हणत विमलताईंनी नानांचा बास माझ्या काउंटरवर आडवा ठेवला. मागोमाग नाना आले आणि स्टुलावर बसले. चेहरा असा, की हे सगळं शेजाऱ्याबद्दल चाललंय.

मी जळगावात वाद्यं दुरुस्त करतो. हार्मोनियमपासून कीबोर्डपर्यंत जे येईल ते. आधी रेडिओ-टीव्ही करायचो. पुढे लोक बिघडलेला टीव्ही दुरुस्त करायच्या ऐवजी नवाच आणायला लागले, तेव्हा मी वाद्यांकडे वळलो. विमलताई भीमगीतं गातात, स्वतःचा ऑर्केस्ट्रा आहे, आणि आवाज असा की माइक नावापुरता. नाना धरणगावचे. ताईंकडे तीस वर्षं बास वाजवतात. बास म्हणजे दिसायला गिटारच, पण तारा चार आणि जाड. त्याचा आवाज कानाला कमी आणि पोटाला जास्त कळतो. तो बंद पडला तर लोक म्हणतात, गाण्यात काहीतरी कमी वाटतंय बुवा, पण काय कमी ते कुणाला सांगता येत नाही.

भानगड अशी झाली होती. जामनेरच्या कार्यक्रमात नाना पूर्ण वेळ उजवीकडच्या, पाहुण्यांच्या सोफ्याकडे पाठ करून उभे होते. सोफ्यावर एक माजी सभापती. कशाचे माजी, हे आता कुणी विचारत नाही, पण मान लागतो. भाषणात ते माइकवर म्हणाले, "बासवाल्यांना आमचं तोंड आवडलेलं दिसत नाही." लोक हसले. ताईंना मात्र घाम फुटला, कारण यंदा जयंतीचा कार्यक्रम धरणगावात होता आणि तिथेही पाहुणे हेच.

"बारा-चौदा वर्षं सांगतेय, नाना, सरळ उभे राहा," ताई म्हणाल्या. "ऐकत नाहीत. माज आहे, दुसरं काही नाही. रविवारी रिहर्सल आहे. लोकांकडे तोंड करून वाजवलं तर नाना, नाहीतर धरणगावात पंकज वाजवेल."

नाना हळूच म्हणाले, "बठ्ठा गावले सांगेल शे मी."

सगळ्या गावाला सांगून ठेवलंय. तीस वर्षं परक्या गावात वाजवलं आणि आता स्वतःच्या गावात दुसऱ्याला वाजवताना बघायचं. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी बासकडे बघितलं.

पंकज धुळ्याचा. तोही ताईंसोबत आलेला होता, त्याचा पाच तारांचा नवा बास पाठीवर. बासवाल्यांत एक भांडण जगभर चालतं, ते आमच्या खान्देशातही चालतं. इथे बासवाले असतील मोजून आठ-दहा, पण पंथ दोन. जुना पंथ म्हणतो, बास 'विंटेज' हवा. विंटेज म्हणजे जुन्या धाटणीचा: लाकूड, तारांखाली आवाज पकडणारा लोहचुंबकाचा पिकअप, दोन बटणं, संपलं. नवा पंथ म्हणतो, बास 'अ‍ॅक्टिव्ह' हवा. त्याच्या पोटात सर्किट असतं, नऊ व्होल्टचा सेल असतो, आवाज धुतल्यासारखा स्वच्छ येतो. मात्र सेल संपला की मालक नुसताच उभा.

माझा चहा येईपर्यंत दोघांची जुंपली. पंकज म्हणाला, नाना, तुमच्या बासमधून मागे सारखं 'घुंऽऽ' येतं, जुन्या फ्रिजसारखं. नाना म्हणाले, ते घुं म्हणजे बासचा श्वास आहे, तुझ्या बासमध्ये जीवच नाही तर श्वास कुठून येणार. वर हेही ऐकवलं, की "ज्याले सेल लागस, ते वाद्य नही, खेळणं शे." मग पंकजने फ्रेटचा, म्हणजे बासच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांचा विषय काढला, नानांनी लाकडाचा. ताई म्हणाल्या, "दोघांनाही बदलते आणि कीबोर्डवरच बास वाजवून घेते." तेव्हा कुठे दोघं गप्प झाले.

सगळे गेल्यावर मी नानांचा बास अ‍ॅम्पला लावला. घुंऽऽ. तारांना हात लावला. घुंऽऽ तसाच. इथे माझे कान टवकारले. चांगल्या बासच्या तारांना हात लावला की गुणगुण कमी व्हायला हवी, कारण तारांखालच्या ब्रिजपासून, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या पट्टीपासून, आत एक अर्थिंगची वायर गेलेली असते. ती नसेल तर वाजवणारा माणूसच अँटेना होतो आणि आसपासची सगळी वीज बासमध्ये गुणगुणायला लागते. मीटर लावला. वायर नाही.

बास हातात धरून मी जागेवर गोल फिरून बघितलं. एका दिशेला तोंड केलं की गुणगुण एकदम खाली जायची. आता कळलं, नाना तिरके का उभे राहतात. अशी गुणगुण करण्यात लाइट कमी-जास्त करणारा डिमर सगळ्यात पुढे, आणि आमच्याकडे मांडववाले त्याचा खोका नेहमी स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात मागे ठेवतात. त्यामुळे शांत दिशा बहुतेक ठिकाणी एकच यायची. बिचारा माणूस माजामुळे नाही, आवाज खराब होऊ नये म्हणून पाठ करत होता.

कोणत्या गाढवाने ही वायर जोडायची राहू दिली, असं म्हणत मी मागचं झाकण उघडलं. आत पेन्सिलने लिहिलं होतं, 'ओके'. खाली सही. सही माझी.

काम झालं की आत सही करायची माझी जुनी सवय, मोठा कारागीर लागून गेलो ना. मग हळूहळू आठवलं. बारा-चौदा वर्षांपूर्वी मी नानांना नवा ब्रिज बसवून दिला होता, घाईघाईत, कारण त्यांना त्याच दिवशी कार्यक्रमाला जायचं होतं. जुन्या ब्रिजची वायर कापली ती नव्याला जोडलीच नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे महिन्याभराने नाना आले होते आणि म्हणाले होते, भाऊ, थोडं गुणगुणतं. मी काउंटरवर गर्दी होती म्हणून बास न उघडताच ज्ञान दिलं होतं, "नाना, जुन्या बासचं ते कॅरेक्टर असतं. विंटेज आवाज म्हणतात त्याला. लोक त्यासाठी तरसतात."

म्हणजे जुन्या पंथाचा संस्थापकही मीच. धुळ्याचाच दुसरा एक बासवाला तर मागे माझ्याकडे येऊन विचारून गेला होता, नानांसारखं घुं माझ्या बासला बसवून मिळेल का.

मी काय केलं ते खरं सांगतो. वायर जोडली, झाकण लावलं आणि नानांना फोन केला, की बास झाला, आता कुठेही तोंड करून उभे राहा. चूक कुणाची होती, ते सांगितलं नाही. नाना खूश, ताई खूश, आपली इज्जत शाबूत, असा हिशेब.

रविवारी मी मुद्दाम रिहर्सलला गेलो. नाना सरळ, लोकांकडे तोंड करून उभे. बास इतका शांत की पंकजने खाली वाकून प्लग लावलाय का ते बघितलं. गाणं सुरू झालं आणि पहिल्या कडव्यातच घोळ. बास ड्रमच्या मागे पडला, मग पुढे गेला. ताईंनी गाणं थांबवलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा नानांच्या कपाळावर घाम. तीस वर्षांत या माणसाचा ठोका कधी चुकलेला मी ऐकला नव्हता.

ताई फार शांतपणे म्हणाल्या, "नाना, तुम्ही बसा थोडं. पंकज, ये."

तेवढ्यात ड्रमवाला राजू मागून म्हणाला, "ताई, नाना रोज माझ्या पायाकडे बघून वाजवतात. आज बघितलंच नाही."

मोठा ड्रम पायाने वाजतो, आणि बासचा ठोका त्याच्याबरोबर पडायला हवा. नाना गुणगुण चुकवायला तिरके उभे राहायला लागले आणि त्या कोनातून नेमका राजूचा पाय दिसायचा. बारा-चौदा वर्षं ते कानाने कमी आणि डोळ्याने जास्त वाजवत होते. ज्या आवाजासाठी जुना पंथ लाकडाची आणि लोहचुंबकाची शपथ खायचा, तो आवाज राजूच्या चपलेतून येत होता.

पंकजने बास गळ्यात घातला होता. नाना खुर्चीवर बसून स्वतःच्या बोटांकडे बघत होते. मला ते सहन झालं नाही. मी उठलो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं: वायर, ब्रिज, ओके, सही आणि ते कॅरेक्टरचं ज्ञान. "ताई, माज नानांचा नव्हता. चूक माझी होती, आणि ती झाकण्यासाठी हा माणूस इतकी वर्षं तुमच्या शिव्या खात होता."

नाना म्हणाले, "तूच सांगेल व्हतं ना भाऊ, जुना बासना आवाज असाच शे. मी तर पोऱ्यासोऱ्यास्ले बी तेच शिकाडं."

मी माफी मागितली. कमी पडली, ते मला कळत होतं.

पंकजने स्वतःचा बास काढून ठेवला आणि नानांच्या हातात नानांचा दिला. "नाना, राजूकडे बघा आणि वाजवा," तो म्हणाला. नाना तिरके झाले. पुढचं गाणं असं गेलं की खिडकीच्या काचा वाजल्या, आणि मागे घुं नव्हतं.

प्रश्न सभापतींचा उरला. नाना सरळ होणार नव्हते. ड्रम हलवायचा तर सगळ्या माइकच्या वायरी हलवाव्या लागतात. अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर विमलताई म्हणाल्या, "मग सोफा हलवा." इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं.

धरणगावात सोफा डाव्या बाजूला लावला. बठ्ठा गाव आला होता. सभापती भाषणात म्हणाले, की यावेळी बासवाले आमच्याकडे बघून वाजवत होते, फार बरं वाटलं. नाना बघत होते राजूच्या पायाकडे, पण ते सांगायचं कुणी?

मागच्या आठवड्यात पंकज दुकानात आला. नव्या बासला जुन्या धाटणीचा पिकअप बसवून हवा होता, नानांसारखा आवाज यावा म्हणून. मी म्हटलं, पिकअप राहू दे, आधी महिनाभर राजूच्या पायाकडे तोंड करून उभा राहा. तो बास घेऊन परत गेला.

बासच्या आत सही मी अजूनही करतो, पण 'ओके' लिहायचं सोडलंय. नानांच्या बासमधला जुना 'ओके' मात्र त्यांनी खोडू दिला नाही. त्याच्याखाली माझ्याकडून पेन्सिलने 'चूक माझी' असं लिहून घेतलं, आणि तिथेही सही करायला लावली.