चौथ्या जागेवरचा साडू

सर्वेश मोंडकर तसा दुसऱ्याचं बघून जळणारा माणूस नव्हे. शेजाऱ्याने गाडी घेतली तर तो पेढा खातो, गाडीभोवती एक चक्कर मारतो, "रंग मस्त आहे" म्हणतो आणि घरी येऊन फक्त अर्धा तास गप्प बसतो. डोंबिवलीत एवढ्याला सभ्यपणा म्हणतात. एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात तो सुपरवायझर आहे, आणि ती खोकी त्याच्या अंगात इतकी भिनली आहेत की कुणाकडे नवा फ्रिज आला तरी तो आधी खोक्याला टिचकी मारून "पाच प्लायचा पुठ्ठा आहे" असं सांगतो. फ्रिजकडे मग सवडीने बघतो.

या साध्या माणसाचं एक राज्य होतं आणि ते रविवारी दुपारी भरायचं. जेवणं झाली, मेघना आडवी झाली, की सर्वेश कानाला हेडफोन लावून टीव्हीसमोर मांडी घालायचा आणि शिकारीला निघायचा. खेळ असा, की चौघांनी आपापल्या घरी बसून एकत्र रानात शिरायचं आणि दोन मजली इमारतीएवढं जनावर लोळवायचं. मग त्याच्या कातड्याची, खवल्यांची चिलखतं घडवायची आणि ती अंगावर चढवून तीन मजली जनावराच्या मागे लागायचं.

"पण मारायचं कशासाठी?" मेघनाने सुरुवातीला विचारलं होतं.

"चिलखतासाठी."

"आणि चिलखत?"

"पुढचं मारण्यासाठी."

मेघनाने जरा विचार केला. "नोकरीसारखंच आहे की!" असं म्हणून ती कूस बदलून झोपली.

या रानात सर्वेशचा शब्द शेवटचा होता. दिव्याचा सूरज आणि कल्याणची समीक्षा ही दोन पोरं त्यानेच तयार केलेली. सूरज मोबाइल दुरुस्त करायचा, समीक्षा दातांच्या डॉक्टरकडे कामाला होती आणि दोघंही त्याला 'दादा' म्हणायची. चौथ्या जागेवर कुणीतरी अनोळखी येऊन जायचा. व्हॉट्सअॅपवर ठाण्या-कल्याणच्या शिकाऱ्यांचा एक ग्रुपही होता. तिथे कुणी नवखा "मी सारखा मरतोय, काय करू?" असं रडत आला, की सगळे म्हणायचे, "दादाला विचार." मग दादा जेवणाच्या सुट्टीत, खोक्यांच्या थप्पीला टेकून, एका बोटाने लिहायचा. उपाशीपोटी शिकारीला जाऊ नये, आधी तळावर जेवावं, जेवणाऱ्याची ताकद वाढते. मध्येच थांबून हत्याराला धार लावावी, बोथट सुरीने टोमॅटोसुद्धा चिरत नाही. 'आणखी एकच फटका मारतो' म्हणणारा पुढच्या क्षणाला आडवा असतो. जनावर झोपलं तर झोपू द्यावं, झोपेतला पहिला घाव दुप्पट लागतो, म्हणून तो सगळ्यात जड हत्यारवाल्याचा मान. आणि चौघांत मिळून तीनदा कुणीही बेशुद्ध पडलं की शिकार गेली, तेव्हा स्वतःसाठी नाही तरी दुसऱ्याच्या रविवारासाठी जगावं. हे शेवटचं वाक्य लोकांना इतकं आवडलं होतं की एकाने त्यावर फुलांचं चित्र टाकून 'शुभ सकाळ' पाठवलं होतं.

आणि मग एके संध्याकाळी मेघना पोळीवर तूप लावता लावता म्हणाली, "अहो, सौमित्ररावांनी तुमचा तो खेळ घेतलाय. म्हणतायत, सर्वेशरावांकडूनच शिकायचं."

सर्वेशचा घास जागीच थांबला.

सौमित्र म्हणजे मेघनाच्या धाकट्या बहिणीचा, नीरजाचा नवरा. म्हणजे साडू. शेजारी एक वेळ बदलता येतो, साडूचं तसं नसतं. सौमित्रचं कोलशेतला बाविसाव्या मजल्यावर घर होतं आणि गॅलरीतून खाडी दिसायची. सर्वेशच्या गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगमधल्या रंगूबाईंचे वाळत घातलेले पापड दिसायचे. सौमित्र वर्षातून दोनदा कंपनीच्या कामाला परदेशी जायचा आणि येताना चॉकलेटं आणायचा, तीही सर्वेशला आवडणारीच. पोट सुटलेलं नाही, आवाज चढत नाही, सासूबाईंची औषधं पाठ. म्हणजे राग धरायला बोट ठेवायची जागासुद्धा त्या गृहस्थाने शिल्लक ठेवली नव्हती. सर्वेशकडे त्याच्यापेक्षा जास्त दोनच गोष्टी होत्या. तो थोरला जावई होता, त्यामुळे सासरी पहिलं पान त्याचं. आणि हे रान.

"ये म्हणावं," सर्वेश म्हणाला. "शिकवू की. त्यात काय."

पहिला रविवार फार सुखाचा गेला. सौमित्रने लढायला कर्णा निवडला, देवळात फुंकतात तसला लांबलचक. तो वाजवला की सोबत्यांची ताकद वाढते आणि डोक्यात घातला की जनावराला चक्कर येते. पण वाजवायचं कुठे आणि घालायचं कुठे हे सौमित्रला उमगेना. जनावर अंगावर धावून येताना तो वाजवत बसला आणि ते निघून गेल्यावर त्याने झाडाला हाणलं. आग ओकणारं एक लाल जनावर होतं, त्याला ही मंडळी 'बंब' म्हणायची. त्या बंबाने सौमित्रला तीनदा भाजून काढलं आणि शिकार गेली. "होतं असं सुरुवातीला, सौमित्रराव," सर्वेश मायेने म्हणाला. त्या रात्री तो भांडी घासतानाही गुणगुणत होता.

दुसऱ्या रविवारी बंब पडला. जनावर पडलं की मिनिटभर वेळ मिळतो, तेवढ्यात प्रत्येकाने जाऊन ते सोलायचं. ज्याचं त्याला मिळतं. एकाने खवला काढला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही. सूरज आणि समीक्षा धावत जाऊन सोलायला बसले. सर्वेशही वाकला. बघतो तर सौमित्र चार पावलं मागे, कर्णा खांद्याला लावून, लग्नात आहेर घेऊन उभं राहावं तसा उभा.

"तुम्ही घ्या आधी, सर्वेशराव," हेडफोनमधून आवाज आला. "तुम्ही मोठे."

त्याला वाटत होतं, एकच जनावर, त्यातून चौघांचं भागायचं. सासरी कसं, थोरल्या जावयाच्या पानात पडल्याशिवाय धाकटा हात पुढे करत नाही.

'अहो, ज्याचं त्याचं वेगळं असतं, या लवकर.' एवढंच वाक्य होतं. ते सर्वेशच्या घशापर्यंत आलंही होतं. पण 'तुम्ही मोठे' हे शब्द कानाला इतके गोड लागले की ते आणखी क्षणभर ऐकावेसे वाटले. त्या क्षणात मिनिट संपलं आणि पडदा काळा झाला. पुढच्या खेपेला सांगू, असं त्याने ठरवलं.

पुढच्या खेपेला समीक्षा म्हणाली, "राव, तुमच्या कर्ण्याने काय ताकद येते हो! आमच्यात आजवर कुणी वाजवणाराच नव्हता." झालं. सर्वेश त्याला 'सौमित्रराव' म्हणतो हे ऐकून पोरांनी परस्पर त्याचे 'राव' करून टाकले होते. त्यातही रावांना अहो-जाहो आणि दादाला अरे-तुरे! त्या दिवशी जनावर पडलं तेव्हा सर्वेशने मुकाट्याने सोललं. पोरं आपापल्या सोलण्यात गुंतलेली, आणि मागे सौमित्र अदबीने उभा होता.

बक्षीस म्हणून खेळाकडून थोडंफार सगळ्यांना मिळायचं, पण चिलखताला लागणारे खवले आणि शिंगं स्वतः सोलूनच मिळवावी लागायची. त्यामुळे पावसाळा संपून नवरात्र आलं तरी सौमित्र खेळाने पहिल्या दिवशी दिलेल्या गंजीवरच होता. बाकीचे तिघं नखशिखान्त शिंगांत आणि हा बंबासमोर गंजीवर! एक फटका बसला की खेळ खलास. म्हणून त्याने फटका न खाण्याचाच अभ्यास केला. जनावराने मान किती तिरकी केली की शेपटी कुठून येते, श्वास ओढला की आग किती वेळाने येते, हे तो पाठ करत गेला. दोन महिन्यांत सौमित्र असा खेळायला लागला की जनावर थकायचं, पण याला धक्का लागायचा नाही.

"राव गंजीवर खेळतात!" सूरज ग्रुपवर बोंबलला. "चिलखत घालतच नाहीत! कसली स्टाइल आहे भावा!"

समीक्षाने रावांना लगेच ग्रुपमध्ये घेतलं. नव्या माणसाला ग्रुपवरचे जुने मेसेज दिसत नाहीत, त्यामुळे दादाचे सल्ले रावांनी वाचले नाहीत, आणि हळूहळू बाकीच्यांनीही वाचणं सोडलं. "मी सारखा मरतोय" असं कुणी रडलं की उत्तर यायचं, "रावांना विचार." बदलापूरच्या एका नवख्याने चिलखत विकून गंजी घेतली आणि तो दिवसभर मरत राहिला, पण म्हणे त्याला शिकायला मिळालं. सर्वेश खोक्यांच्या थप्पीला टेकून हे वाचायचा आणि डबा अर्धाच खाऊन बंद करायचा. आपण ज्याला उपाशी ठेवलं तो उपवासानेच तेजस्वी व्हावा, यासारखं दुःख नाही.

"दादा, तुला बरं नाहीये का?" समीक्षाने एकदा विचारलं. "हल्ली तूच दोनदा दोनदा पडतोस."

"ॲसिडिटी आहे," सर्वेश म्हणाला. एका अर्थी ते खरंही होतं.

दिवाळीनंतरच्या रविवारी सौमित्रने सगळ्यांना कोलशेतला बोलावलं. आपापली यंत्रं घेऊन या, एकत्र बसून खेळू. सर्वेश आणि मेघना स्कूटरवरून माणकोलीच्या पुलाने गेले. वर पोचेपर्यंत सूरज गॅलरीत खाडीचे फोटो काढत होता आणि समीक्षा नीरजाच्या हातच्या कोथिंबीरवड्यांवर तुटून पडली होती. सर्वेशला एकदम जाणवलं, की आज सगळ्यांचे पडदे सगळ्यांना दिसणार. त्याला पहिली वडी गोड लागेना.

जनावर तगडं होतं. वीस मिनिटं आरडाओरडा झाला, "राव, वाजवा!" झालं, "दादा, शेपूट!" झालं, आणि एकदाचं ते धूड कोसळलं. तिघं सोलायला वाकले. सौमित्रने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि पाण्याचा ग्लास उचलला.

"राव?" समीक्षा त्याच्या पडद्याकडे वळून बघत होती. "तुम्ही सोलत का नाही?"

"सर्वेशरावांचं होऊ दे ना आधी."

"अहो, पण ज्याचं त्याचं वेगळं असतं! वेळ संपतोय... गेला. म्हणजे तुम्ही आजपर्यंत एकही जनावर सोललेलं नाही?" तिने सावकाश मान फिरवली. "दादा, तू यांना सांगितलं नाहीस?"

सूरजने वडी चावायची थांबवली. बाविसाव्या मजल्यावर फारसा आवाज येत नाही, ही सोय त्या क्षणी सर्वेशला नको होती. इतकी वर्षं नवख्यांना शिकवून जमवलेला दादा त्या मुलीच्या नजरेत कलंडायला आला होता.

"सांगितलं होतं त्यांनी," सौमित्र शांतपणे म्हणाला. "पहिल्याच दिवशी. मीच धांदरट, विसरलो."

सर्वेशने त्याच्याकडे पाहिलं. सौमित्र ग्लास खाली ठेवण्यात गुंतला होता. त्याला कळलं होतं. आत्ता, इतक्यात कळलं होतं आणि तरी त्याने झाकून घेतलं होतं. म्हणजे घर मोठं, खाडी मोठी, आणि आता मनही मोठं! माणसाने एखादी गोष्ट तरी दुसऱ्याला सोडावी की नाही?

"काय राव तुम्ही!" सूरज हसला. "आम्ही स्टाइल समजत होतो!" मग नीरजाने चहासाठी हाक मारली तशी ती दोन्ही पोरं स्वयंपाकघराकडे गेली.

"चला," सर्वेश कंट्रोलर उचलून म्हणाला. "आपण दोघंच जाऊन बंब आणू. तुमचं चिलखत करायला हवं."

दोघांनी बंब पाडला. "जा," सर्वेश म्हणाला. "मी हलत नाही." सौमित्र वाकला आणि आयुष्यातलं पहिलं सोलणं सुरू झालं. एक खवला आला. दुसरा आला. मग पडद्यावर निळा उजेड पडला.

"हे काय आलं हो? निळा खडा आहे कसलातरी."

असा उजेड सर्वेशने आजवर फक्त दुसऱ्यांच्या व्हिडिओत पाहिला होता. तो बंबाच्या काळजातला खडा होता. शेकडो बंबांत एखाद्याच्या पोटी असतो, आणि खेळातलं सगळ्यात मोठं चिलखत त्याच्यावाचून होत नाही. लोक वर्षानुवर्षं बंब मारतात आणि शेवटी खड्याचं नाव काढत नाहीत. या माणसाला तो तिसऱ्या कापाला मिळाला होता.

"पिशवी भरलीय म्हणतोय," सौमित्र पडद्याशी तोंड नेऊन वाचत होता. "विकून टाकू का? चांगले पैसे देतोय."

आत कपबश्या वाजत होत्या. पोरं तिकडे, मेघना तिकडे. खोलीत दोन साडू आणि एक मेलेला बंब. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. 'विका' असं म्हणायचीही गरज नव्हती. सर्वेशने मान हलवून पाहिली. ती हलेना. मानेतली कुठलीतरी शीर थोरल्या जावयाची निघाली आणि ती आडवी आली.

"अजिबात विकू नका," तो म्हणाला, आणि दात काढताना दुखावं तसा त्याचा चेहरा झाला. "खवले टाका हवं तर. कुणी काही म्हणो, हा विकायचा नाही. याचं काय करायचं ते मी सांगतो."

"एवढा भारी आहे?" सौमित्रने खडा पेटीत जपून ठेवला आणि कौतुकाने वळून विचारलं, "तुमच्याकडे किती आहेत, सर्वेशराव?"

सर्वेशने गॅलरीतून दिसणाऱ्या खाडीकडे बघितलं.

"मी मोजत नाही," तो म्हणाला.