मी न दिलेला इंटरव्ह्यू

भुताखेताच्या गोष्टी मला कधीच पटल्या नाहीत. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचायचे ते चुका काढायला... लाईट गेली होती म्हणतोय, मग पंखा कसा फिरत होता, असलं काहीतरी. त्यामुळे खालचं वाचून तुम्हीही माझ्या चुका काढणार. काढा. एखादी खरंच सापडली तर मला बरंच वाटेल.

मी बेळगावच्या वडगावची. घरी पॉवरलूम आहेत. वडील आणि माझा मोठा भाऊ, अण्णा, साड्या विणतात. मी बी.कॉम. झाले, टॅली शिकले, आणि शेवटी नोकरीला लागले ती साडीच्याच दुकानात. दिवसभर उभं राहून घड्या मोडायच्या आणि परत घालायच्या. पगार असा की कुणी विचारला तर मी विषय बदलायचे. बाहेर अर्ज चालूच होते, पण दरवेळी घोडं अडायचं ते कन्नडवर. मराठी शाळेत शिकलेली मी. गिऱ्हाइकाला साडी दाखवण्यापुरतं कन्नड येतं, पण ऑफिसात समोरचा भरभर बोलायला लागला की माझी जीभ जड व्हायची.

अशात निपाणीला एका गोदामाच्या ऑफिसात अकाउंट्सची जागा निघाली. इंटरव्ह्यू मंगळवारी होता. पण लग्नसराईचे दिवस, मालकांनी सुट्टी दिली नाही. त्यात माझ्याबरोबर काउंटरवर असणारी मैत्रीण कस्तुरी नेमकी त्याच दिवशी रजेवर. मी सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत तिथेच होते, डबासुद्धा काउंटरमागे बसून खाल्ला. मालक, गिऱ्हाइकं, सगळ्यांनी मला पाहिलंय. निपाणीला फोन करून कळवायचंही राहून गेलं.

दोन-तीन दिवसांनी तिकडूनच फोन आला. तुमचं सिलेक्शन झालंय, एकदा भेटून जा.

अण्णा म्हणाला, "इंटरव्ह्यू न देता नोकरी कोण देतंय गं? ह्यात कायतर काळंबेरं हाय."

मलाही तेच वाटत होतं. नोकरीच्या नावाखाली फसवणारे काय कमी आहेत? म्हणून दुकानाच्या सुट्टीदिवशी आम्ही दोघं मिळूनच गेलो. हायवेपासून थोडं आत, मोठं गोदाम, पुढे ऑफिस. ट्रक लागलेले, हमाल पोती उतरवत होते. सगळं खरंखुरं. गेटवर एक म्हातारे वॉचमन होते, त्यांना सगळे आप्पा म्हणत. मला बघून ते ओळखीचं हसले आणि म्हणाले, "आलीस व्हय पोरी?" मी त्यांना जन्मात पाहिलेलं नव्हतं.

आत मॅनेजर बाईंनी "बर्री, कुंड्री" म्हणून बसवलं आणि कन्नडमध्ये बरंच काही विचारलं. मी अडखळले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मराठीत म्हणाल्या, मंगळवारी तर पाण्यासारखं बोलत होता, आज काय झालं?

"मॅडम, मी मंगळवारी आलेच नव्हते."

त्या आधी हसल्या. मग माझ्या भुवईकडे बोट करून म्हणाल्या, "अहो, हा व्रण कसला विचारलं, तेव्हा लहानपणी मागाचा धोटा लागला म्हणून तुम्हीच सांगितलंत की मला."

लूमवरून उडालेला धोटा लागला हे खरं आहे. पण ते घराबाहेर कुणाला माहीत नाही. बाहेर मी सगळ्यांना पायरीवरून पडले असंच सांगते. मी अण्णाकडे बघितलं, त्याचा चेहरा उतरला होता. बाईंना आमचं काहीतरी विचित्र वाटलं असणार. पण काम तुम्हाला येतंय, बाकी बघू, एवढं बोलून त्यांनी विषय संपवला.

परतीच्या बसमध्ये अण्णानं एकच नाव घेतलं. कस्तुरी. तिच्या घरी कन्नड बोलतात, घराबाहेर इंटरव्ह्यूचं फक्त तिला माहीत होतं, आणि त्या दिवशी ती रजेवर होती. माझ्याही डोक्यात तेच घोळत होतं. ती माझ्यासारखी अजिबात दिसत नाही, माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच आहे, हे कळत असूनही... संशय एकदा शिरला की शिरला. दुसऱ्या दिवशी मी तिला सरळ विचारलं. ती आईला घेऊन खानापूरला सरकारी ऑफिसात गेली होती. अण्णानं नंतर गुपचूप चौकशी केली, ते खरं निघालं.

कस्तुरी चिडली नाही. हातातली साडी खाली ठेवून ती म्हणाली, "तुझ्या नावानं मी कशाला जाऊ गं? मला नको व्हती काय चांगली नोकरी?"

मी तिनं ठेवलेली साडी उचलून घडी घालायला लागले.

मी नोकरी धरली. पहिले काही महिने रोज वाटायचं, आज ती इंटरव्ह्यू देऊन गेलेली येणार, दारात उभी राहणार आणि म्हणणार, ही जागा माझी आहे. गेटमधून कुणी बाई आत आली की आधी तिचा चेहरा बघायचे. ऑफिसात कुणी जरा जास्त गोड बोललं तरी वाटायचं, याला काही ठाऊक आहे का? तसं कुणीच आलं नाही. पगार वेळेवर, माणसं साधी. रडतखडत कन्नडही यायला लागलं.

मग एका दुपारी मी चहा घेऊन गेटवर गेले आणि आप्पांना विचारलं, त्या मंगळवारी तुम्ही नक्की कुणाला बघितलं? त्यांनी आधी ऑफिसकडे बघून घेतलं. मग म्हणाले, तूच सांगू नका म्हनालीस म्हणून गप बसलोय. मी चहा खाली ठेवला.

"जाताना तूच म्हनालीस न्हवं, आप्पा, मी परत येईन तवा मला यातलं कायबी आठवणार न्हाय, तेवढं सांभाळून घ्या." आणि जरा थांबून त्यांनीच मला विचारलं, "पर पोरी, नोकरी मिळाली म्हनून सांगितलीस, आनि रडत का गेलतीस?"

आप्पा आता काम सोडून गावी गेलेत. कस्तुरी भेटली की बोलते, पण पूर्वीसारखं नाही. अण्णा हा विषय निघाला की उठून मागाकडे जातो. कुणी म्हणतं, तुझ्यासारखी दिसणारी दुसरी कुणीतरी असेल. असेल. पण ती माझ्यासाठी नोकरी मिळवून कशाला जाईल... मला काही सांगता येत नाही. नोकरी चांगली चाललीय, घरी सगळे ठीक आहेत. ती रडत का गेली, तेवढं मात्र अजून कळायचं आहे.