आमचे दाजी आणि त्यांच्या चिठ्ठ्या

आधी ठरवायचं आणि मगच श्वास घ्यायचा, अशा वृत्तीचा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच होता, आणि आमच्या ताईनं नेमकं त्याच्याशीच लग्न केलं. दाजी नगरला कॉलेजात गणित शिकवायचे. एकाहत्तर साली पुण्याला महिनाभर कॉम्प्युटरचा वर्ग करून आले ते वेगळेच होऊन आले. यंत्राशी बोलायच्या भाषा म्हणे दोन जातीच्या. एकीत कुठल्या नावाखाली काय ठेवणार, आकडा की अक्षरं, हे आधीच जाहीर करायचं. मग भलतंच काही घातलंत तर काम सुरू व्हायच्या आधीच यंत्र अडवतं. दुसरीत कुठल्याही नावाखाली काहीही ठेवा, वापरताना जे निघेल त्यावर निभावून न्या. दाजींनी पहिलीला स्वतःला वाहून घेतलं आणि गव्हाच्या पिठाची खळ शिजवून कशात काय ठेवायचं त्याच्या चिठ्ठ्या घरभर चिकटवल्या.

पुढच्या वर्षी पाऊस गेला. गव्हाचा डबा रिकामा पडला म्हणून ताईनं त्यात रेशनचा मिलो, ती तांबडी अमेरिकन ज्वारी, भरला, तर दाजींनी तो परातीत ओतून ठेवला. छत्री ट्रंकेतून निघालीच नाही, तरी ‘छत्री’ लिहिलेली खुंटी वर्षभर मोकळी आणि दाजींचा सदरा खुर्चीवर. ताई जन्मजात दुसऱ्या भाषेतली. झाकण काढलं की कळतंच काय आहे ते, असं तिचं म्हणणं. “तोवर फोडणी जळालेली असते,” दाजी शांतपणे सांगायचे. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायचो आणि जेवण वेळेवर मिळत असल्यानं कुणाचीच बाजू घेत नसे.

गावाकडं, तिसगावची विहीर आटली तेव्हा दाजी आपल्या आईला घेऊन आले. आता तिनं कायमचं इथंच राहावं, हा एकच ध्यास त्यांना लागला होता. म्हातारी गावातल्या प्रौढांच्या वर्गात नुकतीच वाचायला शिकलेली. दोन दिवस ती कौतुकानं एकेक डबा मोठ्यानं वाचत होती. तिला दिलेल्या खोलीच्या दारावरची चिठ्ठी मात्र तिनं मनातच वाचली असावी. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं गाठोडं बांधलं.

दाजी दारात आडवे उभे राहिले. का निघालीस, म्हणून विचारू लागले.

“पाव्हन्यानी किती दिस ऱ्हावं, बाबा? दारावर तूच लिवलंय.”

दाजींनी वळून ‘पाहुणे’ ही चिठ्ठी पाहिली आणि नखांनी खरवडायला घेतली. खळ चांगली शिजलेली, कागद सुटता सुटेना. इतकी वर्षं पुस्तकी मराठी बोलणारा तो माणूस दाराकडे तोंड करूनच म्हणाला, “चुकलं माजं, आये. तुजंच घर हाय हे.”

म्हातारी राहिली. चांगली चार वर्षं राहिली. ती वारल्यावर ताईनं त्या खोलीत कांद्याची पोती टाकली. दाजींनी पोती बाहेर काढली नाहीत, की दारावर नवी चिठ्ठीही लावली नाही. ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.