हिरव्यात शिरलेला काटा

दुपारी स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलेला बाबांचा फोन आपोआप उजळला. बाबा गेल्या हिवाळ्यात गेले, पण गॅसपासून बँकेपर्यंतचे सगळे ओटीपी त्याच नंबरवर येतात, म्हणून आई तो रोज सकाळी चार्जिंगला लावते.

स्क्रीनवर एक अर्धवर्तुळ होतं आणि त्यातला काटा हिरव्या पट्ट्यात शिरला होता. खाली लिहिलं होतं, 'अभिनंदन! तुमचा क्रेडिट स्कोर वाढला आहे.'

बाबा होते तोवर हा काटा पिवळ्यातच अडकलेला असायचा. बँकेतल्या बाईंनी त्यांना समजावलं होतं, "काका, कार्ड असं काठोकाठ वापरू नका. लिमिटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहा, स्कोर वाढेल." बाबा प्रयत्न करायचे. पण स्कूटरला पेट्रोल लागायचं, आईची औषधं संपायची, नातीचा वाढदिवस यायचा. जिवंत माणसाला खर्च असतोच.

आता थकलेली बाकी आम्ही भरली आहे. कार्ड कपाटात आहे, बंद करायचं तेवढं राहून गेलंय. आणि कुठलंसं यंत्र दुरून बघतंय, की हा माणूस अचानक किती जपून वागायला लागला.

आई हात पुसत आली. "कुणाचा मेसेज?"

"बाबांचा स्कोर वाढलाय."

ती काट्याकडे बघत राहिली. "किती हवं होतं गं त्यांना हे," म्हणाली आणि चष्मा आणायला आत गेली.

मी स्क्रीन वर सरकवली. शेवटची ओळ होती, 'तुमच्या कार्डाचा वापर शून्यावर आला आहे. असेच चालू ठेवा.'