अठरावा वाढदिवस समुद्रात पडलेला माणूस

मोठेबाबांनी डायलिसिस बंद केलं आणि काल सकाळी ते गेले.

ते डायलिसिस बंद करणार आहेत, हे त्यांच्या दोन मित्रांना माहीत होतं. मला नव्हतं.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. बाबा लवकर गेले. शाळेपासून इंजिनिअरिंगपर्यंत माझे पालक तेच.

आर्वीतून निघून ते मालवाहू जहाजावर लागले. इंजिन रूममध्ये आयुष्य काढून पुन्हा आर्वीतच परतले.

किडन्या निकामी झाल्यावर एक दिवसाआड मी त्यांना वर्ध्याला डायलिसिसला न्यायचे. पाणी मोजून, मीठ मोजून, अंगात पाणी साठलं का ते बघायला रोज सकाळी वजन.

मी प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे मोजमापाची यंत्रं, बघते. मोजणं मला जमतं.

दरवर्षी त्यांचे दोन जहाजी मित्र घरी येत. जवळच्याच तळेगावचे वानखेडेकाका आणि रत्नागिरीकडचे कासमचाचा, जे जहाजावर स्वयंपाक करायचे.

येत वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी.

कारण मोठेबाबांचा अठरावा वाढदिवस आलाच नव्हता. जहाज अमेरिकेकडून जपानकडे चाललं होतं. त्या वाटेवर भर समुद्रात कॅलेंडरमधला एक दिवस गाळावा लागतो. नेमका तोच गाळला गेला.

आदल्या दिवशी झोपलेला पोरगा उठला तो थेट नंतरच्या दिवशी. रडायला लागला, म्हणून कासमचाचांनी शिरा केला. तेव्हापासून तिघांनी तीच तारीख धरली.

यंदाही ते आले. मी स्वयंपाकघरात होते, कान बाहेर.

"या नाबालिगाले आपल्यात काऊन बसवलं बे?" वानखेडेकाका, मोठेबाबांबद्दल. त्यांना अठरावं लागलंच नव्हतं ना.

"बसू दे. फुटेल मिशी कधीतरी," कासमचाचा.

"तू काय बोलतं वानखेड्या? तुह्या अठराव्याले तुले तेलाच्या टाकीत उतरवलं होतं," मोठेबाबा म्हणाले.

"मंग! घासून वर आलो, तं समदे गाणं म्हनून राह्यले. फोटोत फक्त माये दात दिसते."

"तेवा होते तरी."

तिघंही खोकेपर्यंत हसले.

"गुडघे कसे आहेत रे तुझे?" कासमचाचांनी वानखेडेकाकांना विचारलं.

"बेअरिंग गेली. स्पेअर भेटत नाई. मॉडेलच बंद झालं म्हन्ते."

मी चहा घेऊन बाहेर आले आणि हसणं थांबलं. एकदम. तिघंही कप घेऊन त्यात बघायला लागले.

"इकडे गरमी लय हाय, नाई?" वानखेडेकाका मला म्हणाले. जणू तळेगाव काश्मीरमध्ये आहे.

मला वाटलं, रम. हे दोघं त्यांना रम पाजतायत.

कासमचाचांचा थर्मास मी आत नेऊन हुंगला. वेलची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठेबाबांचं वजन घेतलं. बरोबर होतं. रीडिंग फार सरळ आलं की मी आधी सेन्सरवर शंका घेते. साखरेची सीलबंद पिशवी ठेवून काटा तपासला. काटाही बरोबर होता.

त्याने संशय कमी झाला नाही. काहीतरी होतं, आणि ते मी मोजू शकत नव्हते.

मग गाडी काढायला निघाले तर मोठेबाबा खुर्चीत बसलेले. इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट. मागे कासमचाचा उभे. ते रात्री आमच्याकडेच थांबले होते.

"मी आता नाई येत डायलिसिसले," मोठेबाबा म्हणाले. "आजच नाई असं नाई. कधीच नाई."

"काऊन?"

"थकलो. डॉक्टरले सांगतलं म्या. समजावलं त्यानं, मंग हो म्हनला."

"म्हनून काल तिघंही गप्प झाले. त्या दोघाईले सांगतलं. मले काऊन नाई सांगतलं?"

"तू मोजत राह्यती, बाई. मोजनाऱ्या मानसाले सांगाले जीभ उचलत नाई."

मी कासमचाचांकडे बघितलं. "तुम्ही भरवलंत हे त्यांच्या डोक्यात?"

"मी तर भांडलो त्याच्याशी, बेटा," ते म्हणाले. "वानखेडेला तर अजून पटलेलं नाही. पण ऐक. इंजिन रूममध्ये ड्यूटी संपली म्हणून कोणी वर जात नाही. पुढच्या पाळीचा माणूस येऊन सगळं बघतो, 'घेतली' म्हणतो, मगच. तोपर्यंत कितीही थकलेला असो, उभा राहतो. हा तुझ्या 'घेतली'साठी उभा आहे."

वाक्य पाठ करून आल्यासारखं वाटलं. मी अंगणात जाऊन डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, खरं आहे. घरी काय काय करता येईल, तेही सांगितलं.

आत येऊन मी मोठेबाबांना एकेक विचारत गेले. दम लागला तर? दुखलं तर? किती दिवस?

ते उत्तरं देत गेले. माहीत नव्हतं तिथं "मालूम नाई" म्हणाले.

"आनखी काई पाह्याचं हाय?"

"नाई."

"मंग?"

मी गाडीची किल्ली परत खिळ्याला अडकवली.

"घेतली," मी म्हणाले.

ते वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. मी खाली बसून सोडल्या.

"यायचंच नव्हतं, तर बूट काऊन घातले?"

"तू नाई म्हटलं असतं, तं डायलिसिसले निघाचं होतं ना."

मोठेबाबा, निवांत जा. इथे मी आहे.