तात्या आणि मागच्या दोघी

तात्या गाणं ऐकायला बसले की स्पीकरच्या पाठीमागे बसायचे. आम्ही सगळे समोर, चहाचे कप घेऊन, आणि हे खोक्यामागे भिंतीला टेकून, डोळे मिटून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, वायर सुटली असेल म्हणून धरून बसलेत. विचारलं तर म्हणाले, "न्हाय मॅडम, वायर ठीक हाय. पुढचीला ऐकायला तुमी हायच की. मागच्या दोघींकडं कुणीतरी बघाय नको का?"

पुढची आणि मागच्या दोघी म्हणजे कोण, हे सांगायला हवं. साठच्या दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडात मुलींचे गट गायचे. बहुतेक वेळा तिघी. शाळा नुकती सुटलेल्या, एकसारखे झगे घातलेल्या. एक पुढे उभी राहून प्रेमाचं गाणं म्हणायची आणि दोघी मागे 'ऊ' आणि 'आ' करत तिचे शब्द उचलायच्या. काही वर्षं त्यांची चलती होती, मग फॅशन बदलली आणि बहुतेकजणी आपापल्या घरी गेल्या. त्यांच्या त्या दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डी जमवणारी माणसं आज जगभर आहेत. त्यातलं एक माणूस इंदापूरला, एसटी स्टँडमागच्या लाउडस्पीकरच्या दुकानात राहायचं, हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. गेल्या वर्षी तात्या गेले. आता लिहून ठेवलं नाही तर मलाच ते खोटं वाटू लागेल.

मी इंदापूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला आले, त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनासाठी स्पीकर ठरवायला त्यांच्याकडे गेले होते. रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर आपलं गाणं ठणाणा वाजवत चालला होता आणि दुकानाच्या आतून इंग्रजीत कोणीतरी आर्जवं करत होतं. मी दारातच थबकले. तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "इंग्लिश शिकवता व्हय? मग बसा हितं. ही काय म्हणती तेवढं सांगा." मी ऐकून सांगितलं, की तिचा मित्र तिला फोन करत नाहीये. तात्यांचा चेहरा पडला. "एवढंच? मला इतकी वर्सं वाटत हुतं, घरात मयत झालंय." मग जरा विचार करून म्हणाले, "पर रडती खरी हां." स्पीकरचं ठरवायचं राहूनच गेलं, त्यासाठी मला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं.

या रेकॉर्डी त्यांना पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाल्या होत्या. कॅम्पातली काही कुटुंबं परदेशी निघून जाताना घरातलं सामान विकायची, त्यात खोकीच्या खोकी रेकॉर्डी असायच्या. तात्या माईकचे सुटे भाग आणायला म्हणून जायचे आणि बगलेत अशी खोकी मारून यायचे. मालनकाकू, म्हणजे त्यांच्या घरच्या, कपाळावर हात मारायच्या. "माज्या मैत्रिणींच्या नशिबी फार तर एक सवत. मला हितं तीन-तीन, आन् त्याबी झुंडीनं!" असं म्हणायच्या आणि रेकॉर्डी पुसायला स्वतःचं जुनं मऊ लुगडं फाडून द्यायच्या.

एकदा शेटफळच्या बाजूला एका लग्नात, मुहूर्ताला उशीर होत होता म्हणून तात्यांनी यातलीच एक लावून दिली. वरबाप तावातावाने आला. "तात्या, ह्या बाया कशापायी रडत्यात मांडवात?" तात्या शांतपणे म्हणाले, "रडत न्हाईत पाव्हणं. ती पुढची नवरी, आन् मागं उभ्या त्या करवल्या हायती." वरबापाला ते पटलं. पुढे त्या घरच्या प्रत्येक लग्नात ती 'करवल्यांची रेकॉर्ड' मागितली जाऊ लागली.

रविवारी संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून आमची बैठक भरायची. मी, तात्या आणि आबा. आबा सोमेश्वरनगरच्या कारखान्यात टर्नर होते, रिटायर झाल्यावर बारामतीत राहायचे आणि दर रविवारी एसटीने यायचे. अमेरिकन रेकॉर्डींच्या मधलं भोक मोठं असतं, आपल्या मशीनवर त्या बसत नाहीत. आबांनी त्यासाठी पितळेची चकती कातून दिली होती आणि त्या जोरावर त्यांना प्रत्येक गाण्यावर बोलायचा हक्क मिळाला होता. बैठकीचा नियम एकच, गाणं संपल्यावर 'छान' म्हणायचं नाही. "छान चहाला म्हणा," तात्या म्हणायचे. "गाण्यात काय ऐकलं ते सांगा."

सगळ्यात जास्त भांडण एका रेकॉर्डवरून व्हायचं. फारशी कोणाला माहीत नसलेली, अमेरिकेतल्या कुठल्याशा छोट्या कंपनीने काढलेली. वर पुढच्या मुलीचं नाव, आणि खाली नुसतं 'आणि मैत्रिणी'. तात्या त्यावर बोट ठेवून म्हणायचे, "आमचंबी आसंच असायचं. शाहीर अमुक आणि पार्टी. त्या 'आणि पार्टी'त मी." तरुणपणी ते कऱ्हाटीला आपल्या थोरल्या भावाच्या पार्टीत झीलकरी होते. शाहीर पुढे पोवाडा म्हणणार आणि हे मागे उभे राहून कानावर हात ठेवून शेवटचे शब्द उचलणार, लांबवणार.

तर त्या गाण्यात, दुसऱ्या कडव्याला, मागच्या दोघींपैकी एक उशिरा येते. फार नाही, पापणी लवेल एवढाच उशीर. पण एकदा कानाला लागलं की लागलंच. आबांचं म्हणणं, "चुकली. मशीन असतं तर खोलून दावलं असतं." तात्या पेटायचे. "चुकली न्हाय! पुढचीचा आवाज भरून आलाय, म्हणून थांबली ती. मुद्दाम थांबली." मला दोघांचंही पटायचं, आणि त्याबद्दल मला दोघांचंही ऐकून घ्यावं लागायचं. गंमत म्हणून सुरू झालेल्या या वादात तात्यांचा आवाज दरवेळी खरोखरच चढायचा. एकदा तर आबांना त्यांनी "पुढच्या रईवारी येऊ नगा" म्हणून सांगितलं. आबा अर्थातच आले.

कारण मला काकूंनी सांगितलं, स्वयंपाकघरात शेंगा सोलता सोलता. कऱ्हाटीच्या जत्रेत, सगळ्या गावासमोर, तात्यांची झील एकदा उशिरा पडली होती. थोरल्यांनी डफ थांबवला, मागे वळले आणि म्हणाले, "उतर खाली." तात्या उतरले ते कायमचे. इंदापूरला येऊन त्यांनी लाउडस्पीकरचं दुकान टाकलं. "तवापासनं दुसऱ्याचा आवाज मोठा करत्यात," काकू म्हणाल्या. "सोता आंघोळीतबी गुणगुणत न्हाईत. लग्नाकार्याला कऱ्हाटीला जात्यात, पर थोरल्यांम्होरं बसत न्हाईत. म्हणत्यात, मी चुकलो न्हवतो, मी थांबलो हुतो." मला फार वाईट वाटलं. ती उशिरा येणारी मुलगी निर्दोष ठरणं या माणसाला का हवं होतं, ते मला तेव्हा कळलं.

अशा रेकॉर्डी जमवणाऱ्यांचा इंटरनेटवर एक गट होता, त्यात मी तात्यांना सामील केलं. ते बोलायचे, मी टाइप करायची. इंग्लंडमधला कोणी एखाद्या रेकॉर्डच्या दुर्मीळ आवृत्तीबद्दल पानभर लिहायचा आणि तात्या म्हणायचे, "ते ऱ्हाऊ द्या. त्याला इचारा, मागच्या दोघींचं काय?" प्रत्येकाला पाऊसपाणी विचारल्याशिवाय ते मुद्द्यावर येत नसत. लोकांना ते आवडू लागले. शेवटी त्या 'आणि मैत्रिणी'बद्दल त्यांनी विचारलं आणि पुष्कळ दिवसांनी एका मुलीचं उत्तर आलं. तिची आजी त्या दोघींपैकी एक होती. आजी हयात होती. बोलायला तयार होती.

व्हिडिओ कॉल ठरला. आमची रविवारची संध्याकाळ, त्यांची सकाळ. तात्यांनी इस्त्रीचा नेहरू शर्ट घातला आणि ट्रंकेतून फेटा काढून बांधला. आपण पडद्यावर दिसू नये म्हणून काकू कोपऱ्यात बसल्या आणि दर मिनिटाला डोकावल्या. आबा एरवीपेक्षा आधीच्या एसटीने आले होते. फोनच्या पडद्यावर पांढऱ्या केसांच्या, चर्चला जायला नटलेल्या ग्लोरियाबाई दिसल्या. तात्यांनी हात जोडले, पाऊसपाणी विचारलं आणि सरळ प्रश्न टाकला. मी भाषांतर केलं. दुसऱ्या कडव्याला एक मुलगी थांबते, ती कोण? आणि का थांबते?

बाई खळखळून हसल्या. ती मीच, म्हणाल्या. थांबले कसली, चुकले! नवे बूट पायाला चावत होते, मी खाली वाकून बघत होते.

हे मराठीत सांगताना माझी जीभ अडखळली, पण सांगितलं. आबांची जीत झाली होती, तरी ते आपल्या चपलांकडे बघत राहिले. तात्यांनी फोन जरा जवळ ओढला. मग म्हणाले, "इचारा, मग पुढचीनं काय केलं?" बाई म्हणाल्या, रेकॉर्ड करणारा माणूस पुन्हा घेऊ या म्हणत होता. पुढची माझ्याकडे बघून हसली आणि त्याला म्हणाली, राहू दे, ती आमची ग्लोरियाच आहे.

"पुन्यांदा सांगा," तात्या म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. "ऱ्हाऊ दे म्हणाली?" "हो तात्या." त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "म्हंजे चुकलीच हुती ती," ते म्हणाले. "आन् मीबी चुकलोच हुतो मॅडम. त्या टायमाला माजं ध्यान जत्रंतल्या उंच पाळण्याकडं हुतं, ही बसली हुती त्यात. पर चुकलेलं माणूस ठिवून घेता येतं, हे मला कुणी सांगितलंच न्हाय." कोपऱ्यात काकूंनी पदर डोळ्यांना लावला. ग्लोरियाबाई पडद्यावरून सगळ्यांकडे बघत होत्या. त्यांना काही समजलं नसावं, पण त्या निरोप न घेता शांत बसून राहिल्या.

पुढच्या आठवड्यात तात्यांनी मला कऱ्हाटीला सोबत नेलं. थोरले अण्णा अंगणात बाजेवर होते, अंग पार वाळलेलं, पण नजर अजून शाहिराची. तात्या त्या जत्रेनंतर पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "अण्णा, त्या जत्रंत मी चुकलो हुतो." अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कंच्या जत्रंत?" तात्यांनी सगळं सांगितलं. अण्णा ऐकत राहिले. "मी तुला खाली उतरवलं? सगळ्यांम्होरं?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. "मला वाटलं, तुला धंदा करायचा म्हणून तू पार्टी सोडलीस. मागं तुज्यासारखा कुणी मिळालाच न्हाय रं."

ज्या एका शब्दाने त्यांचं गाणं बंद पडलं, तो म्हणणाऱ्याच्या गावीही नव्हता. मला अण्णांचा राग आला, आणि त्यांच्या हाडकुळ्या हातांकडे बघून तो टिकलाही नाही. थोड्या वेळाने अण्णांनीच बाजेच्या कडेवर बोटांनी ठेका धरला आणि जुन्या पोवाड्याची ओळ काढली. आवाज फाटका होता. तात्या उठले, बाजेला वळसा घालून त्यांच्या पाठीमागे उभे राहिले, कानावर हात ठेवला आणि झील दिली. इतक्या वर्षांत मी तात्यांचा गाता आवाज ऐकला नव्हता. तो उंच, स्वच्छ आवाज ऐकून शेजारच्या बायका दारात आल्या.

दुसऱ्या कडव्याला अण्णा अडले. ओळ विसरले होते. ओठ हलत होते, डोळे भांबावले होते, बोटांचा ठेका चुकायला लागला होता. तात्यांनी झील तशीच लांबवली, दमाला दम जोडत, गळ्याच्या शिरा फुगल्या तरी. अण्णांना ओळ सापडेपर्यंत त्यांनी ती सोडली नाही.