सेतुरावांचं ‘पाहिलें’

प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत जाताना सेतुराव चपला बाहेर काढून ठेवत. देवळात शिरावं तसे. व्हरांड्यात कोणी मोठ्याने खाकरलं तरी ते दचकत. स्टाफरूममध्ये आम्ही त्यांची यथेच्छ थट्टा करायचो. ते कॉफीचा टंबलर दोन्ही हातांनी धरून हसत आणि म्हणत, “अस्क्यांची, सगळ्यांचीच भीती वाटते मला. मी काय करूं?”

तंजावरच्या आमच्या कॉलेजात मोडी वाचणारे ते एकटेच. राजवाड्याभोवतालच्या गल्ल्यांतली मराठी घरं आपली जुनी बाडं त्यांच्या हाती निर्धास्त देत. मीही त्याच गल्ल्यांतला. पण माझी मराठी घरात बोलण्यापुरती, आणि मोडी म्हणजे अंधार. सेतुराव कागद वाचून दाखवत, मी इतिहासाचा लेक्चरर म्हणून त्यावर लेख लिहायचो, आणि लेख छापायला जाण्याआधी ते शेवटच्या पानाखाली मोडीत एकच शब्द लिहीत: पाहिलें. त्या एका शब्दाला त्यांना आठ-आठ दिवस लागत. मी कुरकुरलो की म्हणत, “पाहिलें म्हणून लिहायचं तर पाहायला नको का?”

एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. शेजारच्या तिरुवैयारू गावच्या एका अन्नछत्राचं दानपत्र आमच्या हाती आलं. त्यावर वर्षाचा आकडा नव्हता, फक्त संवत्सराचं नाव होतं. ते नाव दर साठ वर्षांनी फिरून येतं. त्यातली कुठली फेरी धरायची, ते मी ठरवलं. विभागप्रमुखांना लेख परिषदेत वाचायचा होता, त्यांनी माझ्या नावाआधी आपलं नाव घातलं आणि घाई लावली. मला नोकरीत कायम करायचं की नाही, हे त्यांच्याच हाती होतं. मी सेतुरावांच्या डोक्यावर उभा राहिलो. त्यांनी एका दिवसात ‘पाहिलें’ लिहून दिलं.

लेख गाजला, छापून आला. विभागप्रमुखांना हार पडले. तीन महिन्यांनी सेतुरावांनी मला मागच्या व्हरांड्यात बोलावलं. त्याच घराण्याचं दुसरं बाड त्यांनी वाचलं होतं. दान देणारा गृहस्थ मी ठरवलेल्या वर्षाच्या कितीतरी आधीच वारला होता. मी एक अख्खी फेरी पुढे गेलो होतो. साठ वर्षं.

हे आणखी कोणी पाहिलंय का, असं मी विचारलं. कोणी नाही. इथे दुसऱ्या कोणाला वाचता येईल का? तेही नाही. मग राहू द्या, असं मी म्हणालो. हे लिहितानाही मला लाज वाटते.

ते विभागप्रमुखांकडे गेले. चपला बाहेर होत्या, आणि मी चपलांपाशी. आतला आवाज गोड होता. तुमचं निवृत्तीचं वय झालं आहे, मुदतवाढीचा कागद माझ्या टेबलावर आहे. ते बाड ज्याचं त्याला परत करा आणि विसरा. सेतुराव बाहेर आले आणि चपला उलटसुलट घालू लागले. मला वाटलं, सुटलो.

पण ते स्टाफरूममध्ये बसून लेख छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहू लागले. दोन कागद शाईने खराब झाले. तिसऱ्यावर मी वाकून वाचलं: लेखातलं वर्ष चुकलं आहे, आणि ते न तपासता ‘पाहिलें’ लिहिलं ही माझी चूक. पत्रात माझं नाव कुठेच नव्हतं. वर्ष तर मी ठरवलं होतं, असं मी पुटपुटलो.

“माझी मी लिहिली,” ते म्हणाले. “तुमची तुम्ही लिहा.”

सहीच्या जागेच्या वर त्यांनी दोन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. पेन माझ्यापुढे धरलं. मी पेन घेतलं नाही. टंबलरातली कॉफी पार निवेपर्यंत ते थांबले, मग सही केली आणि पत्राची घडी घातली.

पत्र छापून आलं. सेतुरावांना मुदतवाढ मिळाली नाही. मी कायम झालो. विभागप्रमुखांना एक तरी आज्ञाधारक माणूस हवा होता. पुढे पश्चिम वीथीच्या रस्त्यावर सेतुराव दिसले की मला वाटायचं, आता बोलतील, चारचौघांत बोलतील. ते फक्त विचारत, “नवं काय लिहितां?”

काही वर्षांनी ते गेले. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीने मला ते बसत त्याच बाकावर बसवलं.

“शेवटीं दृष्टि अधू झाली, म्हणून त्या लेखांत चूक झाली असेल, असंच आम्ही समजलों,” त्या म्हणाल्या. “त्यांनीं घरांत कांहीं सांगितलं नाहीं.”

“चूक माझी होती, काकी.” माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून मी पुन्हा म्हणालो.

त्यांनी विचारलं, “तेव्हां कां नाहीं सांगितलं?”

“भ्यालो.”

त्यांनी मान हलवली. त्या रागावल्या नव्हत्या.

“तेही फार भ्यायचे,” त्या म्हणाल्या.